सव्वा मीटरचा हेवा

ऊस पडायला लागला की मला जमीन दिसायला लागते. बाकीच्यांना या दिवसांत ट्रॅक्टरमागे डुलत चाललेल्या दोन-दोन ट्रॉल्या दिसतात, कारखान्याच्या मळीचा वास येतो, तोडणीच्या टोळ्यांच्या पालांवरचा धूर दिसतो. मला दिसतो तो उघडा पडलेला उतार. परवापर्यंत जिथे दोन पुरुष उंचीची हिरवी भिंत उभी होती तिथे आज वाळल्या पाल्याचं पाचट पसरलेलं असतं. त्या पाचटापलीकडे एक बांध, मग दुसरा, आणि थेट नदीकाठची बाभळ. या मोकळ्या नजरेची मी नोकरीभर वाट पाहत आलो, कारण माझं सगळं काम नजरेच्या रेषेवर चालायचं. यंदाही तोड सुरू झाली, सांगली-कराड रस्त्यावर वाढ्यांचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे दिसायला लागले, आणि मला तीन वर्षांपूर्वीचा तो हंगाम आठवला. तसा तो दरवर्षी आठवतो. आठवू नये म्हणून काही करता येतं का, ते मला अजून कळलेलं नाही.

मी पाटबंधाऱ्याच्या कामावर सर्वेक्षक होतो. कराडच्या खाली कृष्णेच्या दोन्ही काठांनी सांगलीपर्यंत जमिनीची उंची मोजत फिरणं हा माझा धंदा. साताऱ्याकडे उंची कुणीही सांगेल, मान वर केली की डोंगर असतो. सांगलीकडे येता येता नदीही सुस्तावते आणि जमीनही. डोळ्यांना सगळं सपाटच दिसतं, पण पुराच्या पाण्याला ते सपाट नसतं. वीतभर फरकानं एक घर कोरडं राहतं आणि शेजारच्या घरात पाणी चुलीवर चढतं. ती वीत शोधायचं काम माझं. तिपाईवर दुर्बीण समपातळीत लावायची, समोर माणसानं आकड्यांची पट्टी उभी धरायची, आणि दुर्बिणीतली आडवी तार पट्टीच्या ज्या आकड्यावर येते तो वाचून वहीत लिहायचा. जागा उंच असेल तर आकडा लहान येतो, खोल असेल तर मोठा. नव्या माणसाचा यात हमखास गोंधळ व्हायचा.

पट्टी धरायचा बापू. बापू उंब्रजचा, माझ्याच वयाचा, माझ्याबरोबर लागला आणि माझ्याबरोबरच निवृत्त झाला. पट्टी रेसभरही न हलवता ताठ उभी धरणं ही कला आहे, आणि ती बापूइतकी मी कुणाच्या हातात पाहिली नाही. सकाळी सातच्या गारठ्यात आम्ही सुरुवात करायचो. पँट गुडघ्यापर्यंत दवानं भिजायची. दहा-साडेदहाला ऊन तापलं की जमिनीवरची हवा थरथरायला लागायची, पट्टीवरचे आकडे वाहत्या पाण्यात पडल्यासारखे हलायचे, आणि काम थांबायचं. मग कुणाच्या तरी फडाच्या कडेला बसून उसाचं कांडं सोलायचं. बापू दातांनी सोलायचा, मी चाकूनं. एक गाव पुरं करायला आम्हाला आठवडा लागे. त्या आठवड्यात गावातली कुत्रीसुद्धा ओळखीची व्हायची.

अश्विनी माझ्या हाताखाली शिकायला आली ती याच दिवसांत, एका हंगामापुरती. मलकापूरची मुलगी, वडील सैन्यातून सुभेदार म्हणून परतलेले, घरी थोडा ऊस. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला दुर्बीण लावता येत नव्हती. एक फेरी मोजून परत निघाल्या जागी आलं की आकडे जुळावे लागतात, तिचे जुळायचे नाहीत. तीन-तीनदा मी तिला तीच फेरी करायला लावायचो. ती कुरकुर न करता करायची. जाताना पाया पडून गेली, आणि मी तिला म्हटलं होतं, ‘‘हे काम पायांनी शिकायचं असतं, लक्षात ठेव.’’ ते वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं होतं.

नऊ वर्षांनी, माझ्या निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, तिचा फोन आला. ‘‘सर, मी अश्विनी. पूररेषेचं काम घेऊन आलेय. तुमची मदत पाहिजे.’’

मी नवीन पँट शिवायला टाकली, इतका आनंद झाला. दुर्बीण कपाटातून काढून सुती फडक्यानं पुसली. पत्नीला, सुनंदाला, म्हटलं, ‘‘बघ, शेवटी अनुभवच लागतो.’’ अश्विनी घरी आली, सुनंदानं तिला शेंगोळी खाऊ घातली, ‘‘किती गं बारीक झालीस,’’ म्हणाली. आणि मग अश्विनीनं सहज सांगितलं की मोजणी विमानातून होणार आहे. विमानाच्या पोटात लेसर बसवलेला असतो. तो खाली एका सेकंदात लाखो किरण सोडतो. किरण जमिनीवर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, विमान नेमकं कुठे आणि किती कलतं होतं ते उपग्रहावरून आणि आतल्या यंत्रावरून कळतं, आणि त्यातून जमिनीच्या एकेका ठिपक्याची उंची. कराड ते सांगली काम चार दिवसांत उरकणार.

‘‘चार दिवस?’’ सुनंदानं विचारलं. ‘‘अगं, ह्यांचं आयुष्य गेलं त्यात!’’

ती कौतुकानं म्हणाली. मला ते कौतुक कुणाचं होतं ते बरोबर कळलं.

‘‘मग माझी मदत कशाला?’’ मी विचारलं.

‘‘वरचे आकडे बरोबर आहेत का ते खालून तपासावं लागतं, सर. काही ठिकाणी जमिनीवर उभं राहून मोजायचं आणि ताडून पाहायचं. जुन्या खुणा तुमच्याइतक्या कुणाला माहीत नाहीत.’’

म्हणजे ती लिहिणार आणि मी वही तपासणार. की उलट? मी हो म्हटलं.

विमान आलं त्या सकाळी बापू आणि मी नदीच्या वळणातल्या एका वाडीत होतो. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात आणि ते मला टिकवायचं आहे. लहानसं दोन इंजिनांचं विमान, एवढ्या उंचीवर की आवाज मागाहून यायचा. उत्तरेकडून सरळ आलं, दक्षिणेकडे दिसेनासं झालं, थोड्या वेळानं परत आलं ते किंचित सरकून, आधीच्या वाटेला लागून. पुन्हा गेलं, पुन्हा आलं.

बापू पट्टी खांद्यावर टाकून वर बघत होता. ‘‘आवं सायेब, ही तर वरनं नांगरट चाललीया! तास सुटंना एक बी.’’

‘‘तू पट्टी नीट धर,’’ मी म्हणालो.

‘‘धरतो की. पर बगा तर. आपली पोरगी हाय त्यात.’’

आपली पोरगी. मी दुर्बिणीला डोळा लावला आणि आकडा वाचायलाच विसरलो. मला हेवा वाटला होता. याआधी हेवा वाटलाच नाही असं नाही. बढतीच्या वेळी वाटला, शेजाऱ्याच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली तेव्हा वाटला. पण ते हेवे कपड्यावर पडलेल्या चहासारखे होते, धुतले की जायचे. हा वेगळा होता. मी ज्या जमिनीवर चालून म्हातारा झालो तिच्यावरून ही मुलगी एका सकाळी नांगर फिरवून गेली, आणि जमिनीनं तिला सगळं सांगून टाकलं. मला वीत-वीत सांगत होती, तेही घासाघीस करून. जमिनीचाच राग आला मला. माणसाला जमिनीचा राग येऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

आठवड्याभरानं मलकापूरला गेलो. अश्विनीच्या कंपनीनं तिथे दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, खाली सायकलचं दुकान. मोठ्या पडद्यावर तिनं वाडी उघडली. सगळे ठिपके. ठिपक्यांचं चिंचेचं झाड, ठिपक्यांचं देऊळ, ठिपक्यांची विजेची तारसुद्धा. नदीच्या जागी मात्र काळी पोकळी, कारण पाणी हा किरण पिऊन टाकतं. मला त्या पोकळीचं जरा बरं वाटलं.

‘‘एक किरण झाडावर पडला की थोडा पानावरून परत येतो, थोडा फांदीवरून, आणि सगळ्यांत शेवटी जमिनीवरून,’’ ती सांगत होती. ‘‘आम्ही शेवटचा धरतो. आता झाडं काढते.’’ तिनं एक कळ दाबली. चिंच गेली, बाभळी गेल्या. दुसरी दाबली, घरं गेली, देऊळ गेलं. खाली राहिली नुसती जमीन, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात असते तशी, प्रत्येक बांधाची सावली पडलेली. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. ते सुंदर होतं, म्हणूनच जास्त दुखलं.

आणि वाडीच्या मागून, गावठाणाला वळसा घालून नदीकडे जाणारी एक पुसटशी चुणी दिसत होती.

त्या चुणीविषयी सांगायला हवं. नोकरीच्या सुरुवातीला वाडीतला एक म्हातारा मला म्हणाला होता की, पूर नदीकडून येत नाही, पाठीमागून येतो. मागे पूर्वी ओढा होता, तो बुजवला, पण पाणी आपली वाट विसरत नाही. तेव्हापासून मी तो ओढा शोधत होतो. कामाचा भाग नव्हता तो, माझा स्वतःचा नाद होता. जेव्हा जेव्हा त्या बाजूचा ऊस पडे तेव्हा चार आकडे जास्तीचे घेई. माझ्याकडे एक वेगळी वही होती. पण कधी मधे घर येई, कधी तोडीनंतर पुन्हा फुटून उभा राहिलेला खोडवा, आणि तो ओढा कधी पुरता हाती लागला नाही.

‘‘हा जुना प्रवाह दिसतोय ना, सर?’’ अश्विनीनं पेन्सिलीचं टोक त्या चुणीवरून फिरवलं. ‘‘तुम्हाला माहीत असेलच.’’

‘‘हो,’’ मी म्हणालो.

बापू मागे उभा होता. तो पुढे झाला, पडद्याला नाक लागेल इतका वाकला. ‘‘सायेब! आपला वढा! घावला की वो!’’ आणि तो हसला, मनापासून, एखाद्या हरवलेल्या माणसाचा फोन यावा तसा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तीस वर्षं माझ्याबरोबर त्या पाचटातून तो हिंडला होता. त्याला ओढा सापडल्याचा आनंद झाला. कुणाला सापडला याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला त्याचाही हेवा वाटला.

पुढचे दिवस तपासणीचे. अश्विनीनं ठरवून दिलेल्या जागी आम्ही दुर्बीण लावायचो, आणि दर संध्याकाळी मी तिला आकडे कळवायचो. दोन बोटं इकडे, तीन बोटं तिकडे, याहून जास्त फरक कुठेच पडेना. ‘‘मस्त जुळतंय, सर!’’ असा तिचा निरोप यायचा. मी तो वाचून फोन पालथा ठेवायचो. सुनंदा विचारायची, ‘‘चांगलंच आहे ना मग? तोंड का असं?’’ मी म्हणायचो, दमलोय. रोज सकाळी दुर्बीण लावताना माझी इच्छा एकच असायची, की आज चुकलेलं निघू दे. काम बरोबर यावं म्हणून मी नोकरीभर धडपडलो, आणि आता दुसऱ्याचं चूक निघावं म्हणून तितक्याच मन लावून धडपडत होतो. मापं मात्र मी खोटी घेतली नाहीत. एवढं एक माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

मग तो दिवस आला.

वाडीच्या खालच्या अंगाला हौसाआक्काचं वावर होतं. हौसाआक्का सत्तरीची, मुलगा फौजेत, घरी ती आणि चार म्हशी. अश्विनीनं ग्रामसभेत कच्चा नकाशा दाखवला होता, रंगात. निळं म्हणजे खोल, तांबूस म्हणजे उंच. त्यात आक्काच्या वावराचा एक तुकडा चांगला तांबूस निघाला. मागच्या मोठ्या पुरात तिचा जुना गोठा बुडाला होता, म्हशी सोडून तिला कराडला लेकीकडे जावं लागलं होतं, आणि परत आल्यावर दोनच म्हशी सापडल्या होत्या. तेव्हा सभेत ठरलं, आक्कानं गोठा त्या उंच तुकड्यावर हलवावा.

मला त्या तांबूस तुकड्याच्या कडा खटकल्या. चारी बाजू सरळ, टेबलासारख्या. बांध घातलेल्या रानात सरळ कडा असतातच, म्हणून अश्विनीला त्यात काही वावगं वाटलं नसावं. पण मला आठवलं, विमान आलं त्या सकाळी तो तुकडा उभा होता. उभा कसला, आडवा. दीड वर्षाचा आडसाली ऊस, वाऱ्यानं लोळलेला, एकात एक गुंतून गादीसारखा बसलेला. आक्काची तोडीची पाळी आली नव्हती. विमान गेलं आणि चार दिवसांनी टोळी येऊन तोडून गेली. ती जागा तपासणीच्या यादीत नव्हती. मी बापूला म्हटलं, ‘‘चल, तिथे एक आकडा घेऊ.’’

बापूनं खोडव्याच्या बुडख्यांत पट्टी उभी केली. मी आकडा वाचला, पुन्हा वाचला. जागा नकाशापेक्षा सव्वा मीटर खोल होती. किरण त्या उसाच्या गादीतून खाली पोचलाच नसावा, आणि संगणकानं गादीलाच जमीन धरलं होतं. आजूबाजूच्या रानापेक्षा उंच सोडाच, तो तुकडा खाली होता. पाणी आधी तिथेच आलं असतं.

मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण आनंदच झाला, छातीत गरम काहीतरी पसरावं तसा. मी फील्डबुकात आकडा लिहिला, वर तारीख लिहिली, कारण तारखेशिवाय मी कधी आकडा लिहिलेला नाही. आणि वही मिटून पिशवीत ठेवली. त्या संध्याकाळी अश्विनीला मी बाकीचे आकडे कळवले, तो नाही.

मनात बेत असा होता, की पंधरवड्यानं सांगलीत अधिकाऱ्यांसमोर ती नकाशा मांडणार होती. मी तिथे उठून उभा राहणार. आवाज चढवायचा नाही. फक्त म्हणायचं, ‘‘मॅडम, तुमच्या विमानानं उसाचा शेंडा मोजलाय.’’ हे वाक्य मी अंघोळ करताना म्हणून बघितलं. ‘मॅडम’ ठेवावं की ‘अश्विनी’ म्हणावं, यावर विचार केला. म्हशींचा विचार आला नाही असं नाही. पावसाळ्याला अजून चार महिने आहेत, कुणी बुडत नाही तोवर, असं स्वतःला सांगितलं.

सात-आठ दिवसांनी दुसऱ्या कामासाठी वाडीत गेलो तर हौसाआक्का जुन्या गोठ्याचे पत्रे काढून घेत होती. दोन गडी वर चढले होते, ती खाली उभी राहून पत्रे भिंतीला लावून ठेवत होती. मला बघून तिनं हाक मारली, ताक दिलं. गार, वर कोथिंबीर. म्हणाली, ‘‘लय झाक झालं बगा सायेब. आता पानी येऊ दे न्हाईतर काय बी येऊ दे.’’ मी ते ताक प्यालो. तांब्या विसळून परत दिला. आणि बांधावरून चालायला लागलो.

बापू माझ्या मागून येत होता. नेहमी तो काहीतरी बोलत चालतो, त्या दिवशी गप्प होता. विहिरीपाशी आल्यावर थांबला.

‘‘सायेब, यक इचारू?’’

‘‘विचार.’’

‘‘त्या वावरात पट्टी म्या धरली हुती. आकडा काय आला त्यो तुमी मोठ्यानं वाचला न्हाई. रोज वाचता. पर तुमचं त्वांड मला लांबनं दिसतंय.’’

मी म्हणालो, फेरतपासणी करायची आहे, एका आकड्यावर विसंबून चालत नाही.

‘‘मग करा की. कवा करताय?’’

बापूनं पट्टी खांद्यावरून उतरवली आणि विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवली. ‘‘आमी अडाणी माणसं. पर म्हातारी पत्रं काढतीया आन तुमी ताक पिऊन आला. मी आता पट्टी धरत न्हाई. दुसरा माणूस बगा.’’ आणि तो हायवेकडे चालू लागला. इतक्या वर्षांत पट्टी अशी टेकवून तो कधी गेला नव्हता.

तिथून तसाच मलकापूरला गेलो असं सांगायला मला आवडलं असतं. मी घरी गेलो. आणखी तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत मी बापूवर रागावलो, त्याला कुणी काय काय शिकवलं असेल याची कल्पना केली, अश्विनीनंच फोन केला असेल असंही ठरवून टाकलं. तिसऱ्या दिवशी सुनंदा जेवताना म्हणाली, ‘‘अश्विनीचा फोन होता. तुमची चौकशी करत होती. सर बरे आहेत ना, आकडे पाठवले नाहीत म्हणून काळजी वाटली, म्हणाली.’’ हातातला घास मी ताटात ठेवला. कुणीतरी आपली काळजी करत असताना त्याचा घात करत बसणं मला जमत नाही, हे त्या क्षणी कळलं. माझ्यातला चांगुलपणा एवढाच निघाला, तळाला लागलेला.

दुपारीच गेलो. अश्विनी एकटी होती. मी फील्डबुक उघडून तिच्यापुढे ठेवलं. ‘‘हौसाआक्काचं वावर. तुझ्या नकाशात सव्वा मीटर चूक आहे.’’

तिचा चेहरा उतरला. तिनं लगेच मूळचे ठिपके उघडले, त्या तुकड्याचा आडवा छेद काढला. वर ठिपक्यांची दाट साय, आणि खाली, खूप खाली, चुकूनमाकून पोचलेले पाच-सात ठिपके. खरी जमीन तिथे होती. यंत्रानं ती पाहिली होती, पण ते ठिपके इतके थोडे होते की त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता.

‘‘लोळलेला ऊस,’’ ती स्वतःशीच म्हणाली. ‘‘मी बघायला हवं होतं. असे तुकडे सगळीकडे शोधायला हवेत आता.’’ मग तिनं पान जवळ ओढलं, आकडा उतरवून घ्यायला. तिची पेन्सिल पानाच्या वरच्या कोपऱ्यातल्या तारखेवर थांबली.

‘‘अकरा दिवस, सर?’’

‘‘हो.’’

‘‘विसरलात?’’

ती मला पळायला वाट देत होती. खिडकीखाली दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं, तो आवाज मी ऐकत राहिलो.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मुद्दाम ठेवला. मीटिंगमध्ये सांगणार होतो. सगळ्यांसमोर.’’

‘‘का?’’

‘‘तुझा हेवा वाटला.’’

आयुष्यात मी ते मोठ्यानं कुणाला पहिल्यांदा सांगितलं. वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. अश्विनी रडली नाही, चिडलीही नाही, आणि ‘असू दे सर’ असंही म्हणाली नाही. तिनं संगणक बंद केला, स्कूटरची किल्ली घेतली आणि विचारलं, ‘‘आक्कांना कोण सांगणार?’’

‘‘मी सांगतो.’’

‘‘दोघं सांगू. चुकलं माझं आहे. उशीर तुमचा आहे.’’

वाडीपर्यंत तिच्या मागे बसून गेलो. नवा गोठा उभा राहायला लागला होता, चार खांब रोवून झाले होते, वर वासे चढत होते. आक्का खांबाला टेकून बसली होती. अश्विनीनं तिच्यापुढे उकिडवं बसून सगळं सांगितलं, विमान, ऊस, शेंडा, तळ. आक्का ऐकत होती.

‘‘मला वाटतच हुतं,’’ ती म्हणाली. ‘‘पावसात पयलं तळं हितंच साचतंय. पर म्हटलं, इमानातनं बगितलंय, तवा माझं डोळं काय खरं?’’

मग तिनं माझ्याकडे मान वळवली. ‘‘आन ह्ये सायेबांनी दुर्बिणीतनं काडलं व्हय? कवा?’’

मी सांगितलं, कधी.

तिनं बोटांवर दिवस मोजले. म्हातारी माणसं मोजतात तसे, अंगठा पेरांवरून फिरवत. मोजून झाल्यावर म्हणाली, ‘‘म्हंजी ताक प्यालासा तवा तुमास्नी ठावं हुतं.’’

‘‘होय, आक्का.’’

ती उठली, गड्यांना म्हणाली, ‘‘उतरा रं खाली.’’ त्या दिवशी मी, अश्विनी आणि ते दोन गडी, चौघांनी मिळून खांब उपटले. दुसऱ्या दिवशी सकाळी बापू आला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. गोठ्यासाठी खरी उंच जागा शोधायला पट्टी धरणारा हवाच होता. तो माझ्याशी बोलला नाही, पण पट्टी त्यानं धरली, आणि नेहमीसारखीच ताठ. मी प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचला. गावठाणाच्या वरच्या अंगाला, देवळामागे, जागा निघाली. त्या पावसाळ्यात पाणी आलं, फार मोठं नव्हे, पण आक्काच्या वावरात कमरेएवढं तीन दिवस उभं होतं. म्हशी देवळामागे रवंथ करत होत्या. मला हे फोनवर बापूनंच सांगितलं. त्यातून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

सांगलीतल्या मीटिंगला मी गेलो होतो, मागच्या रांगेत बसलो. अश्विनीनं चूक आपण होऊन सांगितली. लोळलेला ऊस असलेले आणखी बरेच तुकडे तिनं दरम्यान शोधून काढले होते. तपासणीच्या तक्त्यात माझ्या नावापुढे दोन तारखा होत्या: मोजल्याची आणि कळवल्याची. दोन्ही खऱ्या. कुणी काही विचारलं नाही. तक्त्यातल्या तारखा कोण वाचतं? पण तिनं त्या लिहिल्या होत्या. घरी येताना बसमध्ये मी विचार करत होतो, की तिनं एक तारीख बदलली असती तर मला काय वाटलं असतं. आभार मानले असते आणि तिला मनातून थोडं कमी लेखलं असतं, बहुतेक.

हेवा गेला का, असं कुणी विचारलं तर खरं सांगतो, नाही गेला. गेल्या वर्षी ती कोकणात काम करत होती आणि तिनं जंगलाखाली झाकलेल्या जुन्या पायवाटांचा फोटो पाठवला. मी ‘छान’ असं लिहिलं आणि पुढचा तासभर कुणाशी बोललो नाही. इतकंच, की आता तो पोटात उठला की मी त्याला ओळखतो. तीस वर्षं मी फक्त जमिनीचे चढउतार मोजले, स्वतःतला तो खोलगट तुकडा मोजायची वेळच आली नव्हती.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. नदीनं काठ बदलले आहेत, पुन्हा विमान येणार आहे. ‘‘खालचे आकडे घ्याल का, सर?’’ आणि थोडं थांबून, ‘‘एकच अट आहे. आकडा त्याच दिवशी यायला पाहिजे.’’

‘‘हो,’’ म्हटलं. दुखलं, पण अट योग्य होती.

काल पहिला दिवस. विमान डोक्यावरून गेलं. बापूनं वर बघितलं, मी नाही बघितलं. पहिल्याच जागेवर तिच्या तीन वर्षांपूर्वीच्या नकाशापेक्षा चांगला चार बोटांचा फरक आला, आणि आत काहीतरी लगेच खूश झालं. मी वहीत आकडा लिहिला, तारीख लिहिली, आणि दुर्बीण न हलवता, तिथेच उभ्यानं, तिला फोन लावला. ती पलीकडून ‘‘बोला, सर’’ म्हणाली. बापू समोर पट्टी धरून उभा होता, मान तिरकी करून ऐकत. मी आकडा सांगितला, एकदा, मग स्पष्ट आवाजात पुन्हा एकदा. फोन ठेवून मी हात वर करून खूण केली, आणि मगच बापूनं पट्टी उचलली.